हापशाचं झाकण

सिद्धार्थनगर, लातूर
गुरुवार, ९ एप्रिल १९८७

आदरणीय साडूभाऊ व्यंकटराव यांना निवृत्तीचा मनापासून जयभीम. आम्ही इकडे घागरीपुरते खुशाल आहोत. आपला गुडघा, सुमनबाईंचा दमा आणि नांदेडचे नळ, तिन्हींची खबर कळवावी. (नळाची आधी.)

आपलं कार्ड परवा पोचलं. पेपरातला माझा फोटो बघून आपण अभिनंदन केलंत आणि सातवी नापास माणसाला असल्या क्लबात कसं घेतलं, असंही विचारलंत. शेवटी बुटांबद्दल एक ओळ आहे, तिचं उत्तर सवडीनं देतो. आधी शिक्षणाचं. मी सातवी नापास नाही, परीक्षेला बसलोच नव्हतो. क्लबाच्या फॉर्मात 'शिक्षण' हा रकाना दीड इंचाचा होता. त्यात मी लिहिलं, स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू: पायानं चालणारं कडबा तोडायचं यंत्र, एक (अहमदपूरच्या बाजारात विकलं, अजून चालतंय), डाळीच्या गिरणीच्या चाळण्या, चार, बोअरचे पाईप उपसायची तिवई, एक, आपल्या मेहुणीची, म्हणजे पंचफुलाची शेगडी, जी धूर करत नाही (ती म्हणते करते), शेजारच्या नागुबाईच्या चष्म्याची काडी, सायकलच्या आरीची. रकाना संपल्यावर समासात गेलो, समास संपल्यावर कागद उलटला. क्लबाचे चिटणीस रेणुकादास वकील म्हणाले, एवढं शिक्षण आमच्यात कुणाचंच नाही.

घेतलं कसं, तेही सांगतो. लातूर जिल्हा होऊन साडेचार वर्षं झाली. कलेक्टर आला, कचेऱ्या आल्या, मग सेवा करणारा स्वतःचा क्लब नको का? म्हणून 'सेवामैत्री' निघाला. सनद मिळायला पंचवीस सदस्य लागतात, आणि एका धंद्याचा एकच माणूस घ्यायचा असा त्यांचा दस्तूर. आता लातुरातली मोठी माणसं म्हणजे डाळवाले. तेव्हा अध्यक्ष बापूसाहेब तूर झाले, त्यांचे भाऊ हरभरा, मेहुणे मूग आणि जावई भुसा. एवढं करूनही आकडा चोविसावर अडला. त्या दिवशी मी बापूसाहेबांच्या गिरणीत चाळणी बसवत होतो. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं घाईत निघालेला माणूस एस्टीतल्या शेवटच्या रिकाम्या जागेकडं बघतो. वकिलांनी माझा धंदा 'यंत्रशास्त्र' लिहिला. मी म्हणालो, फिटर लिहा की. ते हसून म्हणाले, फिटर लिहिलं तर तुम्हाला चहा बाहेर द्यावा लागंल. सगळे हसले. मीपण हसलो. (ते हसणं मला अजून पुरतं जमलेलं नाही.)

दर गुरुवारी सहाला हॉटेलाच्या हॉलमध्ये 'स्नेहसहवास' असतो. टाय आणि काळे बूट सक्तीचे. त्यासाठी आपले लग्नातले बूट मागून आणले होते, अस्सल चामड्याच्या दुहेरी तळव्याचे. असला माल आता बाजारात दिसत नाही. बैठक घंटा वाजवून सुरू होते. ती घंटा मी केली, ट्रॅक्टरच्या जुन्या पिस्टनची, आणि ती शाळेच्या घंटेपेक्षा खणखणीत वाजते. मग दंड सुरू. उशिरा आला दंड, टाय विसरला दंड, बायकोचा वाढदिवस विसरला दंड. दंडाचे पैसे गरिबांसाठी. त्यातून गरिबांना क्लबाची कॅलेंडरं वाटली. (आमच्या घरी दोन आली. एक सदस्य म्हणून, एक गरीब म्हणून.) त्यानंतर दुष्काळावर भाषण. बोलणाऱ्याच्या घशाला कोरड पडली की लेमनची बाटली, ऐकणाऱ्यांना पडली की त्यांनाही. असे पाच गुरुवार गेले.

सहाव्या गुरुवारी मी उभा राहिलो. म्हणालो, आमच्या वस्तीचा हापसा संक्रांतीपासून बंद आहे. बोअरला पाणी आहे, खाली सिलिंडरमधले वायसर फाटलेत, एवढंच. सामान द्या, मी बसवतो. इतक्या टाळ्या पडल्या की मला वाटलं, पाणी आलंच. पण लातुरात चामड्याचा वायसर औषधाला मिळेना. दुष्काळात सगळ्याच हापशांची दुखणी एकदम निघाली होती. तेव्हा वायसर मीच केले. (कशाचे, ते पुढे येईल.) तिवई लावली, पंधरा पाईप वर ओढले. सोळा नव्हे, पंधरा. वस्तीत काहीजण सोळा सांगून राहिलेत. ओढायला बाया होत्या, पुढं पंचफुला. बसवून हापसायला लागलो, आणि एकतिसाव्या हापशाला पाणी आलं. नागुबाईनं पहिली ओंजळ प्यायली नाही. डोळ्याला लावली.

दुसऱ्या दिवशी बापूसाहेब जीपमधून आले. पाणी धो धो पडताना बघून त्यांचा चेहरा असा उतरला, की बोअर त्यांच्या शेतातलीच आटली जणू. एकोणतीस तारखेला क्लबाचे प्रांतपाल सनद द्यायला येणार होते आणि त्यांच्याच हस्ते हापशाचं उद्घाटन छापलं होतं. आता चालू हापशाचं उद्घाटन कसं करायचं? ते म्हणाले, नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे, निवृत्तीराव. एवढे महिने सोसलंच की. तुमच्यासारखा यंत्रशास्त्रज्ञ हाताशी असताना बंद ठेवायला कसली तकलीफ?

साडूभाऊ, पन्नाशीला आलेल्या माझ्या नावापुढं बापूसाहेबांसारख्या माणसानं 'राव' पहिल्यांदा लावला. यंत्रशास्त्रज्ञ तर सोडाच. मी झाकण केलं. दोन सूत जाड पत्र्याचं, हापशाच्या डोक्यावर टोपीसारखं बसणारं, दांडा आत जखडून टाकणारं. बोल्टांची डोकी कानशीनं घासून पाच कोनांची केली, कारण बाजारातला पान्हा सहा कोनांचा असतो. पाच कोनांचा पान्हा अख्ख्या मराठवाड्यात एकच, माझ्या खिशात. बापूसाहेबांच्या मुकादमानं घण घालून बघितला, ओरखडा उठला नाही. मी उभ्या जन्मात केलेली ही सगळ्यात चोख वस्तू. ती मी माझ्याच वस्तीच्या पाण्यावर बसवली.

बाया गिरणीच्या विहिरीवर जायला लागल्या. तिथं राखणदार माणशी एक घागर देत होता, बोलणी फुकट. पंचफुलाची तऱ्हा निराळी. जेवायला वाढायची आणि शेजारी पेला ठेवायची, एक चतुर्थांश भरलेला. माप रोज बराबर, मी तपासलं. तिसऱ्या दिवशी ठसका लागला म्हणून पाणी मागितलं तर म्हणाली, "उरलेलं उद्घाटनानंतर."

चौथ्या दिवशी सकाळी नागुबाई रिकामी घागर घेऊन आमच्या उंबऱ्यावर येऊन बसली. वय ऐंशीच्या घरात; गिरणीपर्यंत तिचे पाय जात नाहीत. मी बाहेर आलो तर तिनं मी दुरुस्त केलेला तो चष्मा पुसून डोळ्यावर चढवला. "निवृत्ती, तुजं झाकण लई चांगलं हाय बाबा. पिता येतंय का ते?"

मी वर्कशॉपला निघालो होतो, तो हापशाकडं वळलो. आपण गैरसमज करून घेऊ नये. झाकण बसतं कसं, याची चाचणी झाली होती. निघतं कसं, याची बाकी होती. चार मिनिटांत निघालं. पंचफुलानं त्या दुपारी पेला काठोकाठ भरून ठेवला. इतका, की उचलता येईना.

एकोणतीसला मंडप, सतरंज्या, फीत, सगळं आलं, आणि हापशाला बायांची रांग. बापूसाहेबांचा चेहरा पुन्हा आटला. वकील बायांना हात जोडून म्हणाले, माय हो, पाच मिनिटं बाजूला व्हा, उद्घाटन होऊ द्या. एकीनंही घागर हलवली नाही. सकाळी सातपासून लावलेला नंबर कोण सोडतं? तेवढ्यात प्रांतपाल उतरले. अंगात कोट, घामानं डबडबलेले, सरळ हापशापाशी गेले. नागुबाई त्यांना म्हणाली, "लाइन तिकून हाय, सायेब."

आणि प्रांतपाल गेले की हो रांगेत! त्यांच्या मागं बापूसाहेब, मागं हरभरा, मूग आणि भुसा. (क्लबाची एवढी सरळ रांग मी गुरुवारी कधी बघितली नाही.) नंबर आल्यावर पंचफुलानं दांडा त्यांच्या हातात दिला. "आलाच हाव तर दोन घागरी हापसा." त्यांनी तीन भरल्या. तो पेपरातला फोटो. खाली 'प्रांतपालांच्या हस्ते हापसा सुरू' असं छापलंय. फीत कुठं गेली ते कुणाला कळलं नाही. नागुबाईची चुंबळ मात्र त्या दिवसापासून तांबड्या सॅटिनची आहे. फोटोत मी कमरेपर्यंतच आलोय, ते बरं झालं.

पुढच्या गुरुवारी मी राजीनामा दिला, कारण सविस्तर, दोन पानं. वकिलांनी वाचून परत केला. सनद ताजी आहे, एक माणूस गेला की चोवीस उरतात आणि सनद जाते. तेव्हा मी अजून सदस्य आहे. काढता येत नाही, सोडता येत नाही. दर गुरुवारी चपलेवर जातो, बुटांचा दंड भरतो आणि घंटा वाजवतो.

सुमनबाईंना नमस्कार. आपला लोभ हापशासारखा नसावा, एका हापशालाच यावा.

आपला,
निवृत्ती

ता.क. मंगळवारी जयंती. दोघांनी यावंच. येताना अडीच इंची सिलिंडरचे चामड्याचे वायसर चार आणावेत, आपल्या ओळखीच्या दुकानातून, मापून. (पावणेतीनचे चालणार नाहीत.) मी केलेले झिजत आलेत, आता पाणी यायला त्रेपन्न हापसे लागतात आणि जयंतीला वस्तीचं जेवण आहे. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे.

ता.क. २. बुटांची ओळ. वायसर आपल्या बुटांच्या तळव्यांचे आहेत. डावा पुरा, उजवा टाचेपर्यंत. शेंगदाण्याच्या तेलात दोन दिवस मुरवले, मग साच्यात दाबले. वरचा भाग शाबूत आहे, पॉलिश केलंय; वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. आपण येताना मात्र चपला घालून यावं.

ता.क. ३. काल बापूसाहेब भेटले. क्लब तालुक्यातले आणखी अकरा हापसे दुरुस्त करणार, दर हापशाला वेगळा पाहुणा, वेगळी तारीख. तोवर बंद ठेवायला अकरा झाकणं हवीत. पुढल्या वर्षीचं उपाध्यक्षपदही देऊ म्हणाले. मी म्हणालो, हापसे अकराच्या अकरा फुकट करून देतो, झाकण एक होणार नाही. होतं ते पंचफुलानं रांजणावर ठेवलंय. बुटांचा राग येईल तेव्हा एवढं ध्यानात असू द्यावं, की बापूसाहेब झाकणाला शंभर देत होते, रोख आणि आगाऊ, आणि मी नाही म्हटलेली रक्कम अकराशे रुपये होती.