भिंगरीच्या शर्टातला सामना

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, लग्न न केलेली, राष्ट्रीय महिला फुटबॉल संघाची माजी बचावपटू आणि पुढे खेळाचं सामान दुरुस्त करणाऱ्या दुकानाची मालकीण, जिला मैदानापासून गल्लीपर्यंत सगळे ‘भिंत’ म्हणतात, ती पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाला न भिता आणि कोणाच्या गोड बोलण्याला न भुलता, हे माझं पहिलं आणि बहुधा शेवटचं मृत्युपत्र लिहवून घेत आहे. डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी कामातून गेली आहे. ती उद्या सकाळी बदलायची आहे, आणि डॉक्टर ‘बघू या’ असं ज्या सुरात म्हणाले तो सूर मला आवडला नाही. म्हणून आजच.

कायद्याची वाक्यं वकीलबाईंची आहेत, बाकीची माझी. माझं एकही वाक्य गाळायचं नाही असं मी त्यांना बजावलं आहे. त्या माझ्या पलंगाशेजारी टेबल ओढून टाइप करत आहेत. माझा धाकटा भाऊ खिडकीपाशी पाठ करून उभा आहे. त्याची बायको, म्हणजे माझी भावजय, स्वयंपाकघरात आहे. दार लोटलेलं आहे, लावलेलं नाही. तिला ऐकू जावं म्हणूनच मी मोठ्यानं सांगते आहे. असलं मृत्युपत्रात लिहीत नाहीत, असं वकीलबाई म्हणाल्या. लिहा, म्हटलं.

कलम पहिलं. दुकानातल्या आऱ्या, दाभणं, मेणदोरा, बुटांची लाकडी कलबुतं आणि हवा भरायचा पंप हे सगळं माझ्या कारागिराला द्यावं. दुकानाचा भाडेकरारही त्याच्याच नावावर व्हावा. माणूस गुणी आहे, पण चेंडूत गरजेपेक्षा जास्त हवा भरायची त्याची खोड जात नाही आणि शिवण उसवते. जिवंतपणी सांगून माझी जीभ झिजली. आता हे कायद्यानं सांगते, बघू ऐकतो का.

कलम दुसरं. माझे बूट भाच्याला. तो खेळत नाही, त्याचं पोट पुढे आहे, पण लहानपणी तो ते बूट घालून जिन्यावर ठकठक करत फिरायचा आणि मला फार बरं वाटायचं. पहिल्या सामन्याला मिळालेली टोपी कसरीनं खाल्ली आहे. ती माझ्याबरोबर जाऊ द्या.

कलम तिसरं. फुटबॉल महासंघाच्या सचिवांनी माझ्या शोकसभेत भाषण करू नये. यायचं असेल तर यावं, मागच्या रांगेत बसावं, चहा घ्यावा आणि जावं. मेल्यानंतर मला कोणताही मान, ढाल, शाल देऊ नये. त्यांची ती सवयच आहे, वरातीमागून घोडं. माझ्या भावानं माझ्या वतीनं व्यासपीठावर जाऊन असलं काही स्वीकारलं तर कलम पाचमध्ये त्याला जे दिलं आहे ते रद्द समजावं. भावानं आत्ता वळून बघितलं. ऐकतोय म्हणायचा.

कलम चौथं. हे मुख्य.

महासंघाची जुनी रीत अशी आहे. देशासाठी शंभर सामने खेळलेल्या खेळाडूचं नाव मैदानात उतरायच्या बोगद्यात, भिंतीवर, दगडात कोरतात. त्याला मखमली टोपी देतात. जुने सवंगडी दोन रांगा करून उभे राहतात आणि तो खेळाडू त्यांच्यामधून मैदानाच्या मध्यापर्यंत एकटा चालत जातो. आजवर त्या भिंतीवर सगळे पुरुषच आहेत. येत्या रविवारी पहिल्यांदा एक बाई चालणार आहे. ती बाई म्हणजे माझी भावजय. संघात ती आघाडीला खेळायची, डावीकडून अशी गरगरत सुटायची की तिला भिंगरी नाव पडलं. माझ्या भावाशी तिची गाठ मीच घालून दिली. कागदोपत्री तिचे सामने शंभर आणि माझे नव्व्याण्णव.

त्यातला एक माझा आहे.

दौऱ्यावर होतो. तेव्हा आम्हा बायकांना प्रत्येकी एकच शर्ट मिळायचा. रात्री वसतिगृहाच्या न्हाणीघरात आपला आपण धुवायचा आणि मिळेल तिथे वाळवायचा. थंडी मरणाची होती, म्हणून मी माझा बॉयलरच्या नळीवर टाकला. सकाळी पाहते तर पाठीवर, ऐन आकड्यावर, भलंमोठं जळकं भोक. मी राखीव होते म्हणून कोणी ओरडलं नाही. जाकीट चढवून बाकावर बसले. भिंगरीला ताप होता, तीही घोंगडी लपेटून माझ्या शेजारी बसली होती. उत्तरार्धात आमच्या एका बचावपटूचा पाय मुरगळला आणि आमचे प्रशिक्षक सर मला म्हणाले, ऊठ. आता ते भोक घेऊन जाऊ कशी? भिंगरीनं घोंगडीतल्या घोंगडीत अंगातला शर्ट काढला आणि माझ्या मांडीवर टाकला. घाल, कोण बघतंय, म्हणाली. शर्ट तापानं गरम होता.

बघत होता तो पंचांचा कारकून. त्यानं आकडा बघितला आणि यादीतून त्या आकड्यापुढचं नाव लिहिलं. झालं. शेवटी शेवटी एक चेंडू गोलरेषेवर मी अंगानं अडवला, गुडघा खांबावर आपटला आणि गुडघ्याचा चुरा झाला. सामना बरोबरीत सुटला. मला उचलून नेलं ते थेट ऑपरेशनलाच. त्यानंतर मी एकही सामना खेळले नाही. ज्या सामन्यानं माझा खेळ संपवला, तोच माझ्या नावावर नाही.

तेव्हा दुरुस्ती का केली नाही, असं वकीलबाईंनी विचारलं. अहो, बायकांचे सामने तेव्हा मोजत होतं कोण? सर म्हणाले, करू सावकाश. सर गेले. संघातल्या बाकीच्या पांगल्या, काही गेल्या. आता बायकांची नावं कोरायचं ठरलं तेव्हा मी सचिवांना फोन केला. गुडघ्याच्या ऑपरेशनचा कागद आहे म्हटलं. ते म्हणाले, बाई, तो कागद गुडघ्याचा आहे, सामन्याचा नाही. जिच्या नावावर सामना आहे तिनं स्वतः लिहून दिलं तरच बदल होईल. कोणी सांगितलं म्हणून होत नाही.

म्हणजे भिंगरीनं लिहून द्यायचं. लिहून दिलं की तिचे नव्व्याण्णव. मग तिचा रविवार गेला.

मला त्या टोपीची हाव आहे. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मला त्या दोन रांगांमधून, काठी टेकत का होईना, चालायचं आहे. आणि उद्या मेले तर निदान दगडात नाव तरी माझं असावं. मी तिला जिन्यात गाठून सरळ विचारलं. लग्न झाल्यापासून ती मला ताई म्हणते. खाली बघत म्हणाली,

“ताई, माझ्याकडे दुसरं आहे काय?”

मी म्हटलं, “आणि माझ्याकडे?”

ती खाली गेली. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी माझ्यासाठी पेज घेऊन वर आली, उशी नीट केली, औषध दिलं. सामन्याचं अवाक्षर नाही. अशी ती रोज येते. तिचा राग यावा तर ती पाय चेपत बसलेली असते. माझी अगदी कोंडी झाली आहे.

कलम पाचवं. घर. घर माझ्या एकटीच्या नावावर आहे, त्यावर कर्ज किंवा दावा नाही. तळमजल्यावर भावानं हयातभर राहावं, मात्र विकू नये. त्याच्यामागे तळमजला, आणि माझ्यामागे वरचा मजला, दोन्ही पूर्ण मालकीनं भिंगरीला. तिच्या नावावर दुसरं छप्पर नाही, हे मला ठाऊक आहे.

परंतु. वकीलबाईंनी सांगितलं की मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्यानं त्यावर साक्षीदार म्हणून सही करायची नसते. केली तर त्याचं मिळणं रद्द होतं, कारण ज्याला काही मिळत नाही त्याचीच साक्ष खरी मानतात. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात आलं. या कागदावर भिंगरीसाठी दोन जागा आहेत. एक या कलमात, घर घेणारी म्हणून. दुसरी शेवटी, साक्षीदार म्हणून. साक्षीदारानं फक्त माझी सही पाहिल्याचं सांगायचं असतं, पण इथे त्यानं आपल्या हातानं आणखी एक ओळ लिहायची आहे, की त्या सामन्यात आपण कुठे होतो. तिनं सही केली तर तिचं घर रद्द होऊन ते गावातल्या मुलींच्या फुटबॉल क्लबला जाईल. नाही केली तर घर तिचं, आणि सामनाही तिचा. मग मी कायमची गप्प.

भाऊ आता खिडकी सोडून पलंगापाशी आला आहे. ताई, हे असं माणसाला पेचात धरणं बरं नाही, म्हणतो. मी म्हटलं, नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. तो म्हणाला, तुझं नाक कोणी दाबलं होतं का कधी? चाळीस वर्षं तिनं तुझी उस्तवार केली. मी म्हटलं, मग त्या चाळीस वर्षांत एक ओळ लिहायला तिचा हात का धजला नाही? तो खुर्चीत बसला आणि चष्मा पुसत राहिला. वकीलबाईंचाही चेहरा उतरला आहे. टाइप करा, म्हटलं.

कलम सहावं. भिंगरी बाहेर आली आहे. तिनं सगळं ऐकलं आहे, तरी पानं हातात घेऊन उभ्याउभ्या वाचते आहे. दुसऱ्या साक्षीसाठी बोलावलेले शेजारचे औषधवाले आले आहेत आणि बूट काढू की नको अशा विचारात दारातच थांबले आहेत. भिंगरीच्या हाताला कंप आहे, वयाचा. मी तो रोज पाहते. पण आज पाचव्या कलमाचं पान थरथरताना पाहिलं आणि माझं मलाच कसंतरी झालं. या बाईनं तापात अंगातला शर्ट काढून दिला होता. तिच्या डोक्यावरचं छप्पर मी काढायला निघाले आहे.

म्हणून मी आत्ता, सर्वांसमक्ष, वकीलबाईंना सांगितलं की ती अट काढा. घर तिला द्या, सही करो न करो. वकीलबाई म्हणाल्या, अट मी काढीन, पण कायदा कसा काढू? तिनं साक्षीदार म्हणून सही केली तर घर जाणारच. मग मी भिंगरीला म्हटलं, तू सही करू नकोस. औषधवाल्यांच्या मिसेसना बोलावते, त्या करतील. रविवारी जा, टोपी घे. मी टीव्हीवर बघीन, उठले तर. हे म्हणताना मला रडू आलं. तेही लिहा.

त्यावर भिंगरीनं टेबलावरचं पेन उचललं. भाऊ अर्धवट उठला. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, “थांबा तुम्ही.” आणि मग मला, किती वर्षांनी, ताई न म्हणता:

“भिंते, घर घेऊन लिहून दिलं तर तो सचिव म्हणेल, घरासाठी लिहिलं. मग तुझा सामना तुझा होईल का?”

मी वकीलबाईंना म्हटलं, साक्षीदाराची जागा तिलाच ठेवा.

कलम सातवं आणि शेवटचं. उद्या मी शुद्धीवर आले तर हा कागद फाडून नवा करीन आणि त्यात घर पुन्हा तिचं असेल. तेव्हा साक्षीला दुसरी माणसं शोधू. तिनं लिहून दिलेलं तोवर महासंघात पोचलेलं असेल, ते काम वकीलबाईंकडे आहे. नाही आले शुद्धीवर, तर भावा, हे मृत्युपत्र जसंच्या तसं चालेल. मग तिला सांभाळ. हे कायद्याचं कलम नव्हे, मोठ्या बहिणीचा हुकूम आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याबरहुकूम आहे. त्याखाली मी दोन्ही साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करत आहे.

ठिकाण: माझ्या घरातली पुढची खोली.
तारीख: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दुपारी.

लिहून देणार: भिंत (सही)

साक्षीदार पहिले: औषधवाले, शेजारी (सही). बाईंनी सही केलेली पाहिली. सामन्याच्या वेळी मी कुठे होतो ते आठवत नाही, मैदानात नव्हतो एवढं नक्की.

साक्षीदार दुसरी: भिंगरी, भावजय (सही). माजी खेळाडू, राष्ट्रीय संघ. सामने नव्व्याण्णव. त्या दिवशी मी बाकावर होते. घोंगडीच्या आत माझ्या अंगात शर्ट नव्हता.