चुकायचा मान

१२ जानेवारी

आज पुन्हा वाफ. सकाळपासून सराव पाठ पाहतेय, सगळे वाफेचे. तीच किटली, वाफेवर थंड पाटी धरायची, तेच थेंब. चौथीच्या पोरांना वाफ आता झोपेतही येत असेल. पण शिक्षक व्हायला आलेला उमेदवार दरवर्षी नवा असतो ना – त्याला शिकवायला शिकवायचं, म्हणून पोरांनी नव्यानं आश्चर्य वाटून घ्यायचं. बिचारी घेतात.

मी मागच्या बाकावर बसून शेरे लिहिते. 'फळ्याकडे तोंड करून बोलू नये.' 'प्रश्न आधी, नाव नंतर.' हात लिहितो, डोकं कधीच घरी गेलेलं असतं.

१५ जानेवारी

नव्या सरकारचा हुकूम आला – यापुढे ट्रेनिंगचे सगळे पाठ आपल्याच भाषेत. हेडक्लार्कनं उभं राहून वाचला, आम्ही टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या, खोटं कशाला लिहू. माझं ट्रेनिंग सगळं परक्या भाषेत झालं. तोंडातून आपला एखादा शब्द निसटला की मोठ्या मॅडम पट्टीनं टेबल वाजवायच्या.

मग मॅडमचंच मार्गदर्शक पुस्तक कपाटातून काढून आपल्या भाषेत उतरवायला बसलो. मॅडम बोटीनं मायदेशी गेल्या, पुस्तक इथंच राहिलं. 'उमेदवाराने एखादे चुकीचे उत्तर प्रेमाने सुधारून दाखवावे – दहा गुण.' तेही तसंच उतरवलं. ये रे माझ्या मागल्या.

या दहा गुणांपायी आमच्याकडे चुकणारं पोर लागतं. परीक्षक आला की पोरं एकतर गप्प बसतात, नाहीतर बरोबर बोलतात. कुणी चुकलंच नाही तर उमेदवार सुधारणार काय, कपाळ? म्हणून एकाला आधीच सांगून ठेवायचं. ढ पोराला हे जमत नाही, ते भलतंच काहीतरी बरळतं. ज्याला उत्तर पक्कं येतं तोच नीट चुकतो. दुसरीपासून हा मान आमच्या भिंगरीचा.

१६ जानेवारी

काल दमून तसाच दिवा मालवला. भिंगरी म्हणजे माझ्या भाचीची मुलगी, याच चौथीत आहे. भाची दूरच्या गावी नर्स आहे, नवरा नाही, म्हणून पोर माझ्याकडे. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. मला आजी म्हणते.

२१ जानेवारी

राजधानीत मुलींसाठी निवासी हायस्कूल निघतंय. प्रत्येक जिल्ह्यातून एकच मुलगी घेणार, तोंडी परीक्षा घेऊन. पुढे डॉक्टरकीपर्यंत वाट मोकळी. आमच्या वेळी मुलीची धाव मास्तरणीपर्यंत, नाहीतर नर्सपर्यंत. मी अर्ज दिला. हेडक्लार्क म्हणाला, "बाई, तुमच्या नातीशिवाय आहे कोण जिल्ह्यात?" मलाही तसंच वाटतं. मेली आशा पुन्हा जागी झाली.

२ फेब्रुवारी

अंतिम पाठ. परीक्षक शिक्षणखात्याचे, आमचे टोपीवाले साहेब. मॅडमच्या काळात हॅट होती, आता टोपी. बसण्याची पद्धत मात्र तीच – खिडकीशी तिरकी खुर्ची, मांडीवर कागद, मान खाली, लिहिणं चालू.

लंबू नावाच्या उमेदवाराचा पाठ. ताडमाड माणूस, पण पोरांकडे सोडून सारखा साहेबांकडेच बघत होता. "पाटीवर पाणी कुठून आलं?" भिंगरीनं ठरल्याप्रमाणे हात वर केला, छताकडे पाहून जरा विचार केला – हेही तिनंच बसवलंय – आणि म्हणाली, "पाटीला घाम आला, गुरुजी." इतकी सुरेख चूक मीसुद्धा शोधली नसती. आणि हा बाबा काय म्हणाला? "बरं." झालं, गेले दहा गुण. पण पोरीनं पुन्हा हात वर केला. "नाही गुरुजी, कुणीतरी पाटी धुतली होती." तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. सुधारलं, समजावलं, पास झाला.

नंतर मला म्हणतो, "बाई, पोरीनं तारलं हो." घरी येताना भिंगरीनं मला समजावलं – गुरुजी सुधारायला विसरले तर आणखी सोपं चुकायचं, म्हणजे त्यांच्या लक्षात येतं. ते घाबरलेले असतात गं आजी.

मी तिची पाठ थोपटली.

३ फेब्रुवारी

पाय सुजलेत. काही लिहायचं नाही.

९ फेब्रुवारी

भाची सुट्टीवर आली. मुलीला जवळ घेऊन बसली, मग वह्या चाळल्या. मला म्हणाली, "मावशी, हिला शिकवतं कोण? रोज नवा मास्तर आणि रोज तीच वाफ. ही तुमची शाळा आहे की तालीम?"

मला राग आला. म्हटलं, घरी मी घेते ना अभ्यास. अपूर्णांक विचार, नकाशा विचार. तिनं विचारलं. भिंगरी धडाधड सांगत गेली. भाचीनं वह्या मिटून ठेवल्या. निघताना मात्र माझा हात धरून म्हणाली, "एवढं होऊ दे मावशी. रात्रपाळ्या करून मी थकले. हिला तरी खुर्चीत बसून औषध लिहून देऊ दे, मी नुसतं ते द्यायचं काम केलं."

मीही थकले गं, पण हे इथंच लिहिते.

१५ फेब्रुवारी

उद्या तोंडी परीक्षा. भिंगरीला सांगितलं, आपले टोपीवाले साहेबच आहेत, ओळखीचे. साहेब विचारतील ते न घाबरता सांगायचं. ती म्हणाली, "मी कुठं घाबरते?" खरंच आहे.

१६ फेब्रुवारी

सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसून राहिले. दार उघडलं तेव्हा आत दिसलं – खिडकीशी साहेब तिरके बसून लिहीत होते. टेबलामागे एक तरुण बाई, नवी नेमणूक असावी, कागद सारखे खालीवर करत होती. मला पाहून उगाच हसली. दार लागलं.

भिंगरी उड्या मारतच बाहेर आली. "साहेबांनी विचारलं ते सगळं सांगितलं, आजी." जीव भांड्यात पडला. रंगीत पेन्सिली घेऊन दिल्या. परतताना तिनं सगळा रस्ता बडबड केली, मी हं हं करत होते. खूप दिवसांनी गाढ झोप लागेल.

२८ फेब्रुवारी

कचेरीच्या दारावर नाव लागलं. भिंगरीचं नाही.

हेडक्लार्क आत जाऊन विचारून आला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, सोपे प्रश्नसुद्धा आले नाहीत म्हणे तिला. जितकं पुढं विचारलं तितकी उत्तरं बिघडत गेली. वाफसुद्धा आली नाही." वाफ! मी म्हटलं, नावांची अदलाबदल झाली असेल. तो म्हणाला, नाही.

भाचीला कळवलं नाही. काय तोंडानं कळवू. पोरीला काही विचारायचंही धाडस होईना. ती अंगणात नवीन पेन्सिलीनं चित्रं काढत बसली होती.

२ मार्च

आज विचारलं. तर म्हणाली, "साहेबांनी नाव आणि गाव विचारलं, ते मी सांगितलं. बाकीचं ती बाई विचारत होती. साहेब बाजूला बसून लिहीत होते ना, म्हणजे तिचा पाठ. मी चुकले, तर ती सुधारेचना. नुसतं 'बरं' म्हणायची. मग मी अजून सोपं चुकले. मग अजून सोपं."

पेन्सिलीला टोक करता करता थांबली.

"आजी, ती बाई पास झाली ना?"