आईची बंद चूल

२८ सप्टेंबर, रविवार

उत्कर्षाला पाहून गेले. निमगाव केतकीचे मानसिंगराव आणि त्यांचा ऋषिराज. मुलगा सरळ आहे. पण बाप — तोंडाला विसावा नाही. हवाई दलात होते, मालवाहू विमानांच्या तुकडीत. विमानात काय, किती, कुठं ठेवायचं ते ठरवायचे.

"आमच्याकडं बंदुका न्हाईत, वहिनी. हमालीच. बासष्टपासून तुकडीचं हेच काम. बर्फातल्या चौक्यांवर छत्रीनं पीठ, रॉकेल, जिती बकरी टाकायची. लातूरच्या भूकंपाला तंबू न्यायचं. येताना माणसं आणायची — जिती, मेलेली."

हे मान डोलावत होते. मला नवरात्राचा उपास, आणि चहा तीनदा ठेवला.

मग मानसिंगराव म्हणाले, "सत्त्याण्णवची दिवाळी. लेहला शवपेटी चढवली हुती, आपल्या इंदापूर भागातल्याच जवानाची. तेवढ्यात चौकीवरनं चार पोरं आणली, श्वास अडकलेली. तितल्या विरळ हवेत वजन किलोनं बघावं लागतं. पेटी उतरवली, पोरं घेतली. मग आभाळ मिटलं ते नऊ दिवस."

बिरदेव. माझा भाऊ.

त्याच्या पेटीची आम्ही नऊ दिवस वाट पाहिली होती.

२९ सप्टेंबर

यांना सांगितलं, स्थळ नको. "अगं पण का?" नको म्हणजे नको.

तेव्हा आम्हाला कळवलं होतं, हवामान खराब. हवामानाला मी केव्हाच माफ केलं होतं. अग्नी दिल्याशिवाय घरात चूल पेटवायची नाही — आईनं नऊ दिवस पाळलं. शेजारणीच्या भाकरीलाही शिवली नाही. अंथरूण धरलं, ती पौषात गेली. आणि ते हवामान नव्हतंच. माणूस होता. त्याला मी साखर घालून चहा दिला.

२ ऑक्टोबर, दसरा

मानसिंगराव सोनं द्यायला दारात. आपट्याचं पान पुढं केलं. मी हात पदराखालीच ठेवले. सांगितलं — बिरदेवची बहीण मी. मग आईचं, चुलीचं, सगळं.

पान त्यांच्या हातात तसंच. वाटलं, आता माफी मागतील. म्हणाले, "पेटी मीच उतरवली, ताई. उद्या तीच वेळ आली तर परत उतरवीन."

निर्लज्ज. अंबाबाई, असल्या घरात माझी पोर?

५ ऑक्टोबर

उत्कर्षा बारामतीहून दवाखान्याची ड्यूटी करून आली. सगळं ऐकलं. मामासाठी डोळ्यांत पाणी येईल म्हणून बघत होते. म्हणते, "आई, वॉर्डात खाट एकच असली तर आम्ही काय करतो, विचार की."

मी म्हणाले, तुझ्या आजीची चूल बंद होती.

"आणि त्या चौघांच्या घरच्या चुली?"

जास्त शिकवली हिला. बोलणं बंद.

१४ ऑक्टोबर

चकलीची भाजणी करपली. वाया. चार चुली डोक्यातून जात नाहीत.

१८ ऑक्टोबर

मानसिंगरावांना फोन केला. नमस्कार-चमत्कार केला नाही. ती चौघं जगली का, एवढंच विचारलं.

"तिघं. एक वाटंतच गेला."

म्हणजे त्याच्यासाठीही माझा भाऊ उतरवलात.

"व्हय."

मी फोन ठेवणार होते. तेच म्हणाले, "त्यातला बलबीर म्हणून एक हाय, हिमाचलचा. सफरचंदाची बाग हाय त्याची. नंबर देऊ?"

मी नको म्हणाले. तरी पाठवला. आगाऊ माणूस.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सत्त्याण्णवपासून चंद्राला ओवाळते, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. आज कोर दिसली, ताट तयार होतं. उत्कर्षाला म्हटलं, तो हिमाचलचा नंबर लाव, व्हिडिओवर. पिकल्या मिशांचा माणूस, रंगीत टोपी घालून ताठ बसलेला.

"आई, निरांजन जरा लांब धर. त्यांचं तोंड दिसंना."

रविवारी लग्नाची बोलणी, मानसिंगरावांना जेवायला सांगितलंय. गोड करणार नाही.