एकाच केबिनचं इंजिन

सर, शेवटी मी डिझेल इंजिनच घेतलं. दीड महिना घोळ घातला, घरातल्यांना वैताग आणला, आणि परवा ते एकदाचं टेबलावर येऊन उभं राहिलं. निवृत्त झाल्यावर गाझियाबादच्या आमच्या फ्लॅटमधली मागची खोली मी मागून घेतली आणि तिथे कालका-शिमला लाइनीचा एक तुकडा मांडायला बसलो. दोन बोगदे, कमानींचा एक पूल, एक लहानसं स्टेशन. खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान, रुळांमधलं अंतर नऊ मिलिमीटर. डोंगर मी जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा करून बनवला, देवदार बायकोने भांडी घासायच्या काथ्याचे करून दिले. अडलं ते इंजिनापाशी. आपल्या त्या लाइनीचं मॉडेल बाजारात तयार मिळत नाही. मात्र ऑस्ट्रियातल्या डोंगरी गाड्यांच्या रुळांमधलं अंतर जवळपास आपल्याइतकंच, त्यामुळे त्यांच्या इंजिनाचा खालचा सांगाडा मागवायचा आणि वर आपली बॉडी चढवायची, असा मार्ग निघाला. बॉडी करून देणारे माझे मित्र म्हणजे मानेसरच्या मोटारगाड्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक सरदारजी. त्यांनी घरी छपाईचं मशीन बसवलंय, त्यातून प्लॅस्टिकची हवी ती वस्तू निघते.

सरदारजींचं मत सुरुवातीपासून एकच. "काला वाला लो जी, स्टीम वाला. पहाड़ में वही जँचता है." नऊ वर्षांची माझी नातही त्यांच्याच पक्षात. "आबा, ब्लॅकवालं घ्या ना, त्यातून धुआँ पण निघतो!" तिचं मराठी असंच आहे, तुम्ही असतात तर तिला बाकावर उभं केलं असतं. मी त्या दोघांना सांगून पाहिलं की वाफेच्या इंजिनाची चाकं एका ताठ चौकटीत असतात, माझ्या टेबलावरचं वळण फार आखूड आहे, ते रुळावरून उतरेल. डिझेलला पुढे-मागे दोन बोगी, म्हणजे चाकांच्या सुट्या चौकटी, त्या वळणाबरोबर वळतात. हे सगळं खरंच होतं. पण सरदारजी इंजिनिअर माणूस. ते म्हणाले, वळण मोठं करा. मग मला म्हणावं लागलं की आमच्या वेळी लाइनीवर वाफेची इंजिनं उरलीच नव्हती. तर त्यांनी हल्लीच्या डिझेलचा फोटो दाखवला, दोन्ही टोकांना केबिन असलेलं. मी म्हटलं, हेही नाही. केबिन एकच हवी आणि पुढे लांब नाक. रंग निळा, पण उडालेला. तेव्हा त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "भाई साहब, आप किस दिन की बात कर रहे हो?"

त्या दिवसाची, सर. आठवीची सहल. केंद्र सरकारच्या नोकरीपायी दिल्लीत येऊन पडलेल्या मराठी घरांतली आम्ही बत्तीस मुलं, तुम्ही, आणि शिवणाच्या बाई. सहलीआधी आठवडाभर तुम्ही ग्राफपेपरवर आमच्याकडून त्या लाइनीचा चढ काढून घेतला होता, प्रत्येक स्टेशनाची उंची टाकून. "नुसतं खिडकीतून बघून डोंगर कळत नाही रे," तुम्ही म्हणायचात, "इंजिनाला किती कष्ट पडतात ते बघा." ते मी फारच मनावर घेतलं. वरून येणारी गाडी जाऊ द्यायला आपली गाडी एका लहान स्टेशनवर थांबते. मुलं पराठे खाताहेत, तुम्ही डब्याच्या दुसऱ्या टोकाला कुणाची तरी उलटी पुसताय. मी उतरतो, धावत पुढे जातो आणि इंजिनाच्या पोटाला हात लावतो. गरम आणि थरथरणारं. मग ते पलीकडूनही बघावं म्हणून रूळ ओलांडतो. तेवढ्यात वरची गाडी येऊन मध्ये उभी राहते. ती हलून समोरचं मोकळं होतं तेव्हा आपली गाडी वळणावर पोचलेली असते.

मी रडलो नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगत आलो. खरं म्हणजे स्टेशनमास्तरांच्या बाकावर बसून हमसून हमसून रडत होतो. थोड्या वेळाने तुम्ही रुळांमधून चालत येताना दिसलात. पँट गुडघ्यावर फाटलेली, रक्त आलेलं. डब्यातली मुलं मोजल्यावर एक कमी भरलं आणि चढावर गाडीचा वेग कमी असताना तुम्ही उडी मारली होती. आता थोबाडीत बसणार म्हणून मी मान खाली घातली. तुम्ही शेजारी बसलात, धाप लागली होती. रुमाल गुडघ्याला बांधलात आणि विचारलंत, "केबिन किती होत्या?"

"एक, सर."

"आणि बोगी?"

"दोन. प्रत्येकीला चार चाकं."

"बरं पाहिलंस." पुढच्या गाडीचा सिग्नल पडल्यावर उठलात आणि म्हणालात, "विचारून उतरायचं होतंस. मी नाही म्हटलं नसतं. बरोबर आलो असतो."

त्याच्यापेक्षा मार बरा होता, सर.

दिल्लीत परतल्यावर आमच्या बाबांनी शाळेत जाऊन आरडाओरडा केला. मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत मला उभं केलं. बाबा एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या. बाईंनी विचारलं, "कुणाला विचारून उतरलास?" बाबांच्या हाताकडे बघत मी म्हटलं, "सरांना." बाईंनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, किती वेळ ते मला सांगता येणार नाही, आणि म्हणालात, "हो. मला विचारलं होतं त्याने. माझं लक्ष राहिलं नाही." एवढंच. त्या वर्षापासून शाळेच्या सहली बंद झाल्या. तुमच्याकडे नववी-दहावीचे वर्ग येणार होते, ते आले नाहीत. वर्ष संपल्यावर कळलं की तुम्ही पानिपतला एका खाजगी शाळेत गेलात. जाण्याआधी तुम्ही मला वर्गाबाहेर बोलावून तुमची पोलादी पट्टी दिलीत. म्हणालात, "तुझा आलेख सगळ्यात चांगला होता." मी 'थँक्यू सर' म्हटलं आणि पळालो.

गेल्या रविवारी हे सगळं नातीला सांगितलं. सरदारजींनी बॉडी आणून दिली होती, आम्ही दोघं तिला निळा रंग देत होतो. तिने ब्रश धरून ठेवला आणि विचारलं, "पण आबा, सर झूठ का बोलले? तुम्ही तर विचारलंच नव्हतं ना?" मी म्हटलं, मला वाचवायला. तिला ते पटलं नाही. "मग नंतर तुम्ही त्यांना सॉरी नाही बोललात?" मी म्हटलं, ते लवकर गेले गं, राहून गेलं. ती "अच्छा" म्हणाली आणि पुन्हा रंग लावायला लागली. इंजिन आता चांगलं चालतं. वळणावर किंचित कुरकुरतं, पण उतरत नाही. काल तिने त्याला स्टेशनावर उभं केलं आणि बाकावर आगकाडीचा एक माणूस बसवला. मी दुसरी काडी मागितली, तिने काही न विचारता ती मला दिली.

सर, राहून गेलं असं मी तिला म्हटलं, पण ते तसं घडलं नव्हतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी पानिपतला आलो होतो. पत्ता शिवणाच्या बाईंकडून मिळवला होता. गाडीत सगळी वाक्यं पाठ केली. घरापाशी पोचलो तेव्हा तुम्ही आत स्टोव्हवर पिठलं हाटत होतात, लुंगी आणि बनियनमध्ये. दोन विद्यार्थी जमिनीवर बसून नकाशा भरत होते. तुम्ही वळून त्यांच्यातल्या एकाला काहीतरी म्हणालात आणि तिघंही हसलात. मी रस्त्यापलीकडे सायकलच्या दुकानापाशी उभा होतो, अर्धा तास तरी. सर मजेत आहेत, आता कशाला ते उकरून काढायचं, अशी मनाची समजूत घातली आणि दुपारच्याच गाडीने परत आलो. आईने विचारलं, "भेटले का सर?" मी म्हटलं, घराला कुलूप होतं.

दार उघडं होतं, सर.