हिरव्या सायकलची घंटी

१२ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

नमस्कार. आम्ही इकडे ठीक. तुम्हीही ठीक असणारच. ठीक नसायला तुम्हाला झालंय काय! लग्न अजून व्हायचंय, पण आतापासूनच वहिनी म्हणायचं असा दादाचा हुकूम आहे, म्हणून म्हणतेय. आईचा निरोप: येताना गरम कपडे आणा, सकाळी बोचरा वारा असतो. तुम्ही येणार म्हणून आठवडाभर ती पडदे धुतेय. मी शिक्षण संपवून घरी परत आले तेव्हा माझ्या उशीची खोळसुद्धा बदलली नव्हती. पण ते असो.

तर कामाचं. गावाभोवतीच्या डोंगरात सायकलच्या कुठल्या वाटा सगळ्यांत देखण्या, असं तुम्ही दादाला विचारलंत आणि त्यानं ते काम माझ्यावर ढकललं. "तू निवड, तुझी नजर चांगली आहे," म्हणाला. वर फोनला रेंज नसते, तेव्हा कागदावर लिहून पाठव, हेही त्याचंच. म्हणजे वाटा निवडायच्या मी, फिरायचं तुम्ही दोघांनी, आणि शनिवार-रविवार दुकान सांभाळायचं पुन्हा मीच. सुट्टीला भाड्याच्या सायकली न्यायला गर्दी असते, कुणीतरी हवंच ना. आम्ही दोघं सोमवारी जातो, दुकान बंद असतं तेव्हा. निदान आजवर जात होतो.

शनिवारी तळ्याची वाट करा. पंपघराकडून सुरुवात करायची आणि बांधाकडे संपवायची. रविवारी जुन्या दगडखाणीची. ती खालच्या फाटकापासून वर खिंडीकडे चढत जा, पायांना चांगला व्यायाम होतो. दादा म्हणेल उलट्या बाजूनं जाऊ. त्याचं ऐकू नका, त्याला सोपं तेच सुचतं. आणखी एक सोंडेची वाट आहे, पण ती तुम्हाला झेपेलसं वाटत नाही. दिवसभर खुर्चीशेजारी उभं राहून लोकांचे दात बघायचे म्हणजे पायांना सवय नसणार, यात तुमचा दोष नाही.

तुमची सायकल तयार आहे. हिरवी. ती फ्रेम दोन वर्षं दुकानाच्या भिंतीवर टांगलेली होती. कुणासाठी, ते विचारू नका. दादानं तिला नवे ब्रेक बसवले, गिअर बसवले, हँडलला मऊ मुठी लावल्या. सीट इतकी वर घेतलीय की माझे पाय पेडलला पोचत नाहीत. पाहिलं बसून. घंटी तेवढी लावलेली नाही. विसरला असेल.

बाकी नवीन काही नाही. दादा हल्ली मला चाकाचा आऊट काढायला शिकवतोय. वाकडं झालेलं चाक तारा कमी-जास्त आवळून सरळ करायचं ते काम, ज्याला आजवर तो मला हात लावू देत नव्हता. "तू धसमुसळी आहेस, तार तोडशील," म्हणायचा. आता एकदम रोज संध्याकाळी शिकवणी. का, कोण जाणे. तुमचा दवाखाना शहरात, आमचं दुकान इथं. लग्नानंतर कुठे राहायचं ते अजून ठरलेलं नाही, असं आई म्हणते आणि लगेच दुसरं काहीतरी बोलायला लागते. ठरलं की कळेलच.

सावकाश या.

तुमची होऊ घातलेली
नणंद

२१ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

पोचल्याचं कळलं. आईचे पडदे अजून धुतलेलेच आहेत आणि तुम्ही गेल्यापासून ती माझ्याशी तुमच्याबद्दलच बोलतेय. किती साधी, किती हसरी, ताट स्वतः उचललं! मी जन्मापासून ताट उचलतेय. असो, असो.

त्या शनिवारबद्दल लिहायचंय. तुम्ही दोघं उजाडताच निघालात, दुपारच्या आत यायला हवं होतं. आला नाहीत. मी काउंटरवर बसून हेल्मेटं पुसत होते. गिऱ्हाईक विचारतंय पंपाचं, मी देतेय कुलूप. दोन वाजले, चार वाजले. मनात म्हटलं, कंटाळून भांडली असतील. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. आणि उन्हं उतरताना तुम्ही आलात ते खिदळत! दोघांच्या मानांचे टोमॅटो झालेले, दादाच्या गुडघ्याला चिखल, आणि तो तुमच्याकडे बघून असा हसत होता की माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मी साळसूदपणे विचारलं, "कसा होता नजारा?"

"अगं, फार सुंदर," तुम्ही म्हणालात. "सगळा पाठीमागे होता."

तुम्हाला कळलेलं आहे, तरी माझ्या हातानं लिहिते. दोन्ही वाटा मी मुद्दाम उलट्या लिहिल्या होत्या. बांधाकडून निघालं की तळं आणि पलीकडचे डोंगर समोर उघडत जातात. पंपघराकडून निघालं की पुढे दिसतो तो गंजका पाइप आणि झुडपं. खाण खालून चढली की स्वतःच्या पुढच्या चाकाशिवाय काही दिसत नाही. मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, यात काय एवढं बघण्यासारखं? आणि पुन्हा विचारणार नाही. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

तुम्ही सायकल धुवायला मागच्या अंगणात आलात तेव्हा मला पळून जायचं होतं. पाण्याचा पाइप माझ्या हातात होता म्हणून राहिले.

"पहिल्याच वळणावर तो म्हणाला, ही उलटी वाट आहे," तुम्ही चाकावरचा चिखल खरवडत सांगत होतात. "मी म्हटलं, मग फिरू या मागे. तर म्हणे, नको. तिनं निवडलीय ना, तिनं लिहिलंय तशीच जाऊ. मग काय, दर वळणाला उतरायचं आणि मागे वळून बघायचं. आणि मागे वळलं की तुझी गोष्ट सुरू! इथे लिंबूटिंबू पडली. इथे तिची चेन तुटली. या दगडावर बसून तिनं जाहीर केलं की मी आता घरी येणारच नाही. बाई गं, सबंध दिवस मी होणाऱ्या नवऱ्याबरोबर नाही, नणंदेबरोबर फिरले. खरं सांगू? शेवटी शेवटी मला तुझा रागच आला."

वहिनी, तुम्हीही जळलात हे ऐकून मला जितका आनंद झाला तितका कुणाच्या कौतुकानं कधी झाला नव्हता. चांगली माणसं अशी नसतात, माहीत आहे.

मग तुम्ही म्हणालात, "एक कळलं नाही. प्रत्येक वळणाच्या आधी तो हळू व्हायचा आणि कान द्यायचा. काय ऐकतोस विचारलं, तर म्हणे काही नाही."

मी पाण्याचा जोर वाढवला. उत्तर राहिलं, ते आता देते.

त्याच्या टोळीत मी लिंबूटिंबू होते. खेळायला घ्यायचे, पण माझ्यावर राज्य यायचं नाही. मी असले काय, नसले काय. सायकली आल्या तेव्हाही मी सगळ्यांत मागे. एकदा पार मागे राहून गेले आणि कुणाला पत्ताच नाही. तेव्हापासून दादानं नियम केला: मागच्यानं वळणावर घंटी वाजवायची. एकदाच. म्हणजे पुढच्याला मान न वळवता कळतं की मागे माणूस आहे. टोळी कधीच पांगली, दर सोमवारी आम्ही दोघंच उरलो, पण घंटी राहिली. तुमच्या सायकलला ती लावायला तो विसरला नव्हता. मला वाटतं, त्याला लाववली नाही.

काल सोमवार होता. आम्ही डोंगरात गेलो नाही, दुकानात बसलो. मी एका चाकाचा आऊट काढत होते. खाली मान घालूनच विचारलं, "तू शहरात जाणार ना?"

तो म्हणाला, "चाक फिरव."

मी फिरवलं. सरळ फिरत होतं, कुठेही घासत नव्हतं. त्यानं बराच वेळ ते फिरू दिलं आणि म्हणाला, "तुला जमेल दुकान."

"नाही जमणार," मी म्हटलं, आणि आम्ही दोघं त्या सरळ चाकाकडे बघत राहिलो. मग तो चहा टाकायला आत गेला. रडला असेल तर तिथं. मी बाहेर रडले.

तेव्हा ने त्याला. मला 'तू' म्हण, असं तूच म्हणाली होतीस ना, म्हणून म्हणते. चांगलं बोलताना 'तुम्ही' जड जातं. मी मोठ्या मनाची झालेय असं समजू नकोस. अजून तुझा हेवा वाटतो, तुझ्या लांब पायांचासुद्धा. पण तो तिकडे एखाद्या वळणावर कान देईल आणि मागे काहीच वाजणार नाही, हे मला तुझ्या हेव्यापेक्षा जास्त झोंबतं.

हिरवी सायकल तो पुढच्या महिन्यात घेऊन येईल. माझ्या जुन्या सायकलची घंटी काढून आज मी तिला बसवलीय. जरा अडकते, अंगठा तिरका ठेवून दाब. वळण आलं की एकदाच वाजव. दोनदा वाजवलीस तर तो घाबरून मागे फिरेल.

आणि सोंडेची वाट. ती मी कुणालाच सांगत नाही. जुन्या मनोऱ्यापासून निघायचं, ऊन पाठीवर घेऊन. शेवटच्या चढापर्यंत काही दिसत नाही आणि मग एकदम सगळं गाव, नदी आणि आमच्या दुकानाचं पत्र्याचं छप्पर पायाशी येतं. दिशा बरोबर लिहिलीय, दादाला विचारून घे. ती सोमवारी करायची, तिघांनी. पहिला नजारा तुझा, म्हणून पुढे तू. मध्ये तो.

मागे मी. मागच्याला घंटी लागते, तेव्हा येताना आण. दिलेली नाही, उसनी आहे.

तुझी
लिंबूटिंबू