सौ. पोहायला शिकते

ता. ११ एप्रिल १९५५
स. म्हादूच्या मळ्यातल्या विहिरीवर. काठावरून उडी मारली. सत्तरीला दोन कमी, पण पाण्याला वय सांगावं लागत नाही. वर आलो तर म्हादू उभा. "तारमास्तर, औंदा हौस फेडून घ्या. जमीन कारखान्याला दिली. पावसाच्या आदी कुंपन पडनार हाय."
विहिरीचं काय, विचारलं.
"बुजवतील न्हाईतर ठिवतील. त्यांची जमीन, त्यांची हीर."
दिवसभर चैन नाही. रेल्वेत तारबाबू होतो तेव्हा ड्यूटी सुटली की थेट इथे. निम्म्या चिंचवडला याच पाण्यात शिकवलं. आधी कमरेला वाळका भोपळा. मग भोपळा काढून पोटाखाली माझा हात. मग एके दिवशी न सांगता हात काढायचा. कळायच्या आत पोर पोहत असे.

ता. १२
दु. जेवताना सौ.ला विहिरीचं सांगितलं. आमटी वाढता वाढता म्हणाली, "साऱ्या गावाला शिकवलंत. मला कधी विचारलंत?"
ठसकाच लागला. एकसष्टाव्या वर्षी!
"तू कधी म्हणालीस?"
"म्हणायला सवड कुठे होती?"
तिचं माहेर चाकण. तिकडे उन्हाळ्यात पाणी दिसायला विहिरीत वाकावं लागे, पोहणार कुठे? लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिला दाखवायला म्हणून मी इथे उडीवर उडी मारली होती. ती माझा सदरा धरून काठावर बसलेली. मला वाटलं होतं, कौतुकाने बघते आहे. आज म्हणाली, "कसलं कौतुक? हेवा वाटत होता."

ता. १४
सौ. पोहायला शिकणार हे ऐकून चि. वसंता उखडला. पुण्याला हापिसात जायला लागल्यापासून त्याला लोकांची फार काळजी. "बाबा, लोक काय म्हणतील? आणि आईला काही झालं म्हणजे?"
सौ. म्हणाली, "तुझी दोन पोरं काखोटीला मारून मी नदीचा घाट चढते, तेव्हा नाही काही होत?"
सूनबाई तोंडाला पदर लावून हसत होती.
पंचाईत अशी की आम्हां दोघांना काही दुखतच नाही. वसंताच्या समाधानासाठी डॉक्टरांकडे गेलो, तर नाडी बघून म्हणाले, "तुमच्यासारखे चार निघाले तर मला दवाखाना बंद करावा लागेल." बरोबरीचे सगळे गेले, नाहीतर अंथरुणाला टेकलेत. दुपारी पारावर गप्पांना कुणी नाही. निरोगी म्हातारपणात माणूस एकटा पडतो, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. सौ. आहे म्हणून बरं.

ता. १६
पहाटे, मोट सुरू व्हायच्या आत. सौ. लुगड्याचा काचा मारून पायऱ्या उतरली. म्हादू वाटेकडे तोंड करून बसला. कुणी आलं की खोकायचं, असं ठरलेलं. बिचारा उगाचच खोकत होता.
पाणी गार. सौ. भोपळ्याला मिठी मारून, पाय हलेनात. म्हटलं, पाय मार, पाय!
"मारतेय की! ओरडताय कशाला? मी काय शाळेतलं पोर आहे?"
खरंच ओरडत होतो. मग तिचं तिलाच हसू आलं. असं खदखदून हसताना तिला मागे कधी पाहिलं? आठवेना. बहुधा वसंताच्या जन्माआधी.

ता. २३
बातमी फुटलीच. देवळात बायका म्हणाल्या, म्हातारचळ लागलाय. सौ. म्हणते, "लागू दे. नाहीतरी दुसरं काही लागत नाही मला."
पाय छान मारते. हात अजून पीठ मळल्यासारखे.

ता. २९
आज भोपळ्याची गाठ सुटली. सौ. खाली. लगेच धरली, पायरीवर आणली. ठसकत होती, डोळे लाल. श्वास आला तशी म्हणाली, "पुन्हा."
म्हटलं, आज पुरे. कारण तिला सांगितलं नाही. मला धाप लागली होती. पायरीवर बसलो तो उठवेना. आजवर किती पोरं बुडताना वर काढली, दम असा कधी गेला नव्हता. भीती वाटली. ही खाली गेली आणि मी काठावर राहिलो तर...

ता. ८ मे
भोपळा कायमचा काढला. आता पोटाखाली माझा हात. पदर पाण्यावर पसरतो, आणि ती मान वर काढून समोरच्या पायरीकडे बघत जाते. सुरेख पोहते. दुसरं कुणी असतं तर हात केव्हाच काढला असता.

ता. १२
स. चहाला सौ. म्हणाली, "अजून हात आहे ना तुमचा?"
"आहे."
"वसंताच्या पोटाखालचा न विचारता काढला होतात."
वसंता कप खाली ठेवून म्हणाला, "मला तर पलीकडच्या पायरीला लागल्यावर कळलं, आई!" मग त्या दिवसाचंच बोलत बसला. नाकातोंडात गेलेलं पाणी, घरी येऊन खाल्लेली गूळपोळी, सगळं त्याला आठवत होतं. हापिसची गाडी चुकली. उशीर झाला म्हणून चिडलादेखील नाही.

ता. १९
कुंपणाचे खांब येऊन पडलेत. म्हादू म्हणाला, "उद्याच्याला येक दिस पवून घ्या. परवापासनं आमाला बी आत जाता याचं न्हाई." त्याच्या आज्याने खणलेली विहीर.
सौ.ला सांगितलं. ती लुगडं वाळत घालत होती. दांडीवरून हात न काढता म्हणाली, "मग उद्या काढाच हात."
"बुडालीस तर?"
"तुम्ही आहात की."
तेच तर. मी आहे, पण त्या दिवशीची धाप तिला ठाऊक नाही. ठाऊक असती तरी उतरली असती म्हणा, हट्टी आहे.
तिला माझ्या हाताची गरज राहिलेली नाही, हे मला केव्हाच कळलंय. तरी रोज खाली हात धरून पोहतो. साऱ्या गावाची पोरं सोडली, पोटचा पोरगा सोडला, तेव्हा जिवाला काही वाटलं नाही. उद्या हिला सोडवेल का, सांगता येत नाही.