तिसऱ्या वाक्याआधीचा खोकला

१४ नोव्हेंबर २००६, मंगळवार. दारव्हा.
नाटकातल्या म्हाताऱ्या चौकीदाराचं काम यंदा वैशाली राठोडला दिलं. बी.ए. दुसरं वर्ष, आर्णीकडच्या तांड्यावरची. मुलगी म्हातारा करणार म्हणून पोरं खी खी करत होती. तिनं तोंड उघडलं अन् सगळे गप्प. पहिली दोन वाक्यं झकास. तिसऱ्याआधी खोकली. दोन बारके, मग श्वास धरून एक मोठा, डावा हात बरगडीखाली.

हा खोकला रशीद सरांचा. येत्या जानेवारीत त्यांना जाऊन तीन वर्षं होतील. हिनं त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही. आणि संहितेत खोकला नाही, मीच लिहिलंय नाटक.

"कोणी शिकवलं वं हे?"
"अमोलदादानं, मागच्या साली चौकीदार होता तो. त्याले त्याच्या सीनिअरनं. चौकीदार असाच खोकलते ना, मॅडम?"
हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

१६ नोव्हें., गुरुवार
प्राचार्यांनी बोलावलं. यवतमाळच्या स्पर्धेत यंदा नंबर नाही आला तर तालमीच्या खोलीत कॉम्प्युटर बसणार. "मॅडम, नाटकानं नोकरी लागते का?" मला लागली, असं अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं.

खरं तर मला अन् रशीदला, दोघांनाही नाटकानंच लागली. मी मराठीची, रशीद इतिहासाचा, पण मुलाखतीत दोघांना एकच प्रश्न: गॅदरिंग बसवाल का? त्याआधी दोघं एकाच नाटक कंपनीत, गावोगाव. मेकॅनिकचा पोरगा तो. गॅरेज सोडलं म्हणून बापानं वर्षभर बोलणं टाकलेलं. नोकरी लागल्यावर म्हणाला, "चल, आता बिनघोर नाटक करू." नट म्हणून नाव काढायचं होतं आम्हाला, झालो गॅदरिंगवाले. त्याला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. मला रोज वाटायचं, आणि ते मी त्याच्यावर काढायची.

२१ नोव्हें., मंगळ.
सकाळी शोकसभा. पहिल्या वर्षाच्या एका पोराचे वडील, कर्जापायी गेले. या सत्रातली कितवी, मोजणं सोडलं. दोन मिनिटं उभं राहायचं आणि पुढच्या तासाला जायचं. आता पोरं रडतही नाहीत.

तालमीला चारच जण, बाकीचे कापूस वेचायला. वैशाली तीन दिवसांनी उगवली, बोटं चिरलेली, डोळे खोल गेलेले. म्हटलं, खोकला काढ, सरळ वाक्य घे: "गेट आता उघडत नाही, बाप्पा." दहादा घेतलं, दहादा खोकली.
"काढ म्हटलं ना!"
"काढून राह्यली, मॅडम. येतेच तो."
खूप ओरडले तिच्यावर. नंतर स्टाफरूममध्ये लक्षात आलं. तिच्यावर कुठं ओरडत होते मी.

२५ नोव्हें., शनिवार
लिहूनच टाकते. आजवर कुठं लिहिलं नाही, कोणाला बोलले नाही.

हे नाटक पहिल्यांदा बसवलं तेव्हा चौकीदार रशीद करायचा. एका तालमीत तिसऱ्या वाक्याआधी त्याला खोकला आला. थांबला, "माफ कर, पुन्हा घेतो" म्हणाला. मी म्हटलं, "नको. हेच ठेव. जिनिंगवर जन्म काढलेला माणूस आहे, छातीत कापूस गेलेला. बेस्ट आहे हे, रशीद."

ठेवला त्यानं. तीन महिने ठेवला. पोरं विंगेतून बघायची, त्यांनी तो उचलला. हाताची जागासुद्धा उचलली. तिथं त्याला दुखत होतं.

एका प्रयोगात खोकला नीट आला नाही. तोंडावरचा रंग पुसत होता बिचारा, आणि मी म्हटलं, "आज कमी पडलं."

कमी पडलं म्हणाले मी.

छातीचा फोटो काढला तोवर गाठ हाताबाहेर गेली होती.

३० नोव्हें., गुरु.
शाहीनभाभी, रशीदची बायको, कॉलेजात आल्या, त्याची पुस्तकं लायब्ररीला द्यायला. तालीम चालू होती. वळून पाहते तर भाभी दारात, पिशवी छातीशी धरलेली, चेहरा पांढराफटक.
"हे कोनं बसवलं?"
"सरांनीच," म्हटलं मी. सगळ्या पोरांसमोर. किती सहज आलं तोंडात! नटीच मी शेवटी.
भाभींनी पिशवी टेबलावर ठेवली. वैशालीकडे खूप वेळ बघत राहिल्या, मग निघून गेल्या.

३ डिसें., रविवार
भाभींकडे गेले. त्यांनी चहाचं आधण ठेवायच्या आत सगळं सांगून टाकलं. ठेव म्हणणारी मी, कमी पडलं म्हणणारी मी. ढसाढसा रडले. वाटलं घराबाहेर काढतील. काढलं असतं तर बरं झालं असतं.

"मालूम हाये मले," भाभी म्हणाल्या. "घरी बी करून दाखवत. मी म्हणे, दवाखान्यात चाला. तं म्हणत, स्पर्धा होऊ दे, मंग जाऊ. मॅडमनं अठरा वर्षात पयल्यांदा बेस्ट म्हटलं."

अठरा वर्षं. आठवून पाहिलं. खरंच, एकदाही म्हटलं नव्हतं.

चपला घालत होते तर मागून म्हणाल्या, "मॅडम, त्या पोरीले पाह्यलं मी. तिचं वाक्य संपलं तरी खोकलत होती. कोपऱ्यात जाऊन. तुमी पुसलं का तिले?"

नाही विचारलं. कोणी शिकवलं, तेवढं विचारलं.

५ डिसें., मंगळवार
आज तिला बाजूला घेऊन विचारलं. दुखतं का?
"थोडसंक. दिवाळीपासून. वेचणीनं असन." मग हसली. "पण आपल्या कामी पडते ना, मॅडम! मेहनतच नाही लागत."
माय वं.
म्हटलं, उद्या दवाखान्यात जाऊ, मी येते सोबत.
"उद्या तं स्पर्धा!" डोळे भरून आले पोरीचे. "बाप येऊन राह्यला पाहाले. काम टाकून कधी येत नाही तो. स्पर्धा होऊ द्या, मॅडम, मंग जाऊ."

तेच शब्द. हिला कोणी शिकवले नाहीत.

बदलीला कोणी नाही. प्रयोग नाही म्हणजे नंबर नाही, म्हणजे खोली गेली. रशीदनं अन् मी मिळवलेलं तेवढंच उरलंय. एका दिवसानं काय बिघडतं, असं मनात आलं. आलं म्हणूनच फार भीती वाटली.

उद्या सातला जीप. यवतमाळला दवाखाना नऊला उघडतो, आमचा प्रयोग दहाला. आधी नेलं आणि डॉक्टर म्हणाले, हिला उभी करू नका, तर?

पोरांना सांगितलंय, सामान आजच बांधून ठेवा. आधी दवाखाना की आधी प्रयोग, ते वैशालीला अजून सांगितलेलं नाही.